लेखनाचा तास : पालक, विद्यार्थी आणि नवे शिक्षक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत मी गेली बावीस वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. पाठ्यपुस्तकातील धडे आणि कविता शिकवताना जेवढे प्रश्न येतात, त्याच्या कितीतरी पट अधिक प्रश्न मला मुलांच्या लेखनाविषयी विचारले जातात. पालकसभेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, एसटीच्या थांब्यावर आणि कधी कधी लग्नाच्या मांडवातही तेच तेच प्रश्न निघत असल्यामुळे त्यांची उत्तरे एकदा सावकाश लिहून ठेवावीत, असे वाटले.

लेखन शिकवता येते का, की ते उपजतच असावे लागते?

लेखनातला बराच भाग शिकवता येतो. पाहिलेली गोष्ट दुसऱ्याला दिसेल अशी मांडणे, वाक्य सुरू केल्यावर ते नीट शेवटाला नेणे, आपण लिहिलेले पुन्हा वाचणे आणि वाचणाऱ्याला कुठे अडायला होईल हे ओळखणे, या सगळ्या गोष्टी सरावाने येतात. आमच्याकडे मुलीला किंवा मुलाला भाकरी थापायला शिकवताना ती कला उपजत आहे का, असे कोणी विचारत नाही. पहिल्या भाकरी जाड होतात, कडेला चिरतात, करपतात. पण शेजारी बसलेली आई किंवा आजी त्या खाते आणि पीठ अजून मळायला हवे होते की पाणी कमी पडले, ते सांगते. लेखनाच्या बाबतीत मुलाच्या शेजारी असे बसणारे आणि त्याने केलेले खरोखर खाऊन पाहणारे माणूस बहुतेक वेळा नसते. वर्गातील मराठीच्या शिक्षकाने ते माणूस व्हावे, अशी माझी समजूत आहे आणि पुढील बहुतेक उत्तरे त्याच समजुतीतून आलेली आहेत.

बाजारात तयार निबंधांची पुस्तके मिळतात. ते निबंध पाठ करून लिहिले तर गुणही मिळतात. मग बिघडले कुठे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणाऱ्या पालकांची काळजी मला खरी वाटते. दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला हे २४ गुण पक्के करावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही माझा विरोध आहे आणि त्याचे कारण मला एका दुष्काळी वर्षात स्पष्ट झाले. त्या वर्षी शाळेच्या आसपासच्या गावांना टँकरने पाणी येत होते. टँकर आला की वर्गातली निम्मी मुले घागरी घेऊन रांगेत उभी असायची, म्हणून आम्ही पहिला तास उशिरा घेत असू. त्याच महिन्यात मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला आणि चोपन्न वह्यांपैकी बहुतेक वह्यांत धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता, नद्या दुथडी भरून वाहत होत्या आणि मोर पिसारा फुलवून नाचत होते. वाक्ये निर्दोष होती. त्यातला एक मुलगा सकाळी टँकरच्या पाइपाजवळ धक्काबुक्कीत पडून गुडघा फोडून घेऊन आला होता. त्याच्या वहीतही दुथडी भरलेली नदी होती आणि ती वाचताना मला अतिशय वाईट वाटले, कारण टँकर, रांग, फुटलेला गुडघा आणि गावावर न आलेला पाऊस यांतले काही लिहिण्याजोगे असते, हे त्याला आम्ही कधी सांगितलेच नव्हते. पाठ केलेल्या निबंधामुळे मुलाच्या मनात असे बसते की लिहिण्याच्या जागी आपले आयुष्य चालत नाही, तिथे दुसऱ्याचे आणावे लागते. ही समजूत एकदा पक्की झाली की ती काढायला फार वर्षे लागतात आणि अनेकांच्या बाबतीत ती निघतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वह्या परत केल्या आणि 'आपल्या गावात न आलेला पाऊस' हा विषय दिला. त्या वेळी मिळालेल्या लेखनात चुका पुष्कळ होत्या. पण एका मुलीने लिहिले होते की आजी रोज संध्याकाळी आभाळाकडे पाहून कोरड्या दोरीवरचे कपडे उगाचच आत घेते. हे वाक्य कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

गुणांविषयी एवढेच सांगते की स्वतःचे लिहायला शिकलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचे परीक्षेत नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही. विषय थोडा फिरवून आला की पाठांतर केलेली मुले अडतात आणि ही मुले लिहीत राहतात.

"काय लिहू, काही सुचत नाही" असे म्हणून बसून राहणाऱ्या मुलांचे काय करावे?

विषय लहान करावा. 'माझी आई' हा विषय एवढा मोठा आहे की प्रौढ लेखकही त्याच्यासमोर गोंधळेल, म्हणून मूल 'माझी आई खूप प्रेमळ आहे' असे लिहून मोकळे होते. त्याऐवजी मी 'आईचे हात' किंवा 'काल रात्री आई काय बोलली' असा विषय देते आणि पाचच वाक्ये मागते. पाच वाक्यांत 'प्रेमळ', 'सुंदर', 'छान' आणि 'कष्टाळू' हे शब्द वापरायचे नाहीत, एवढी एक अट असते. मग एखादा मुलगा लिहितो की आईच्या उजव्या हाताच्या तळव्यावर कोयत्याच्या मुठीचा घट्टा आहे आणि ती डोक्यावरून हात फिरवते तेव्हा तो केसांत अडकतो.

दुसरा उपाय म्हणजे मुलाला आधी बोलू द्यावे. आमच्याकडची मुले बोलण्यात मागे नाहीत. बैल कसा बुजला, विहिरीत पडलेले शेळीचे पिलू कसे काढले, हे ती रंगवून सांगतात. हातात पेन आले की मात्र तीच मुले गप्प होतात. म्हणून मी एकाला सांगायला लावते आणि शेजारच्याला ते जसेच्या तसे उतरवायला लावते. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहिले की सांगणाऱ्याची भीती निम्मी कमी होते.

लेखनाच्या तासाला नेमके काय चालते?

आठवड्यातून एक जोडतास मी लेखनासाठी राखून ठेवते. पहिली दहा मिनिटे कोणी काही समजावत नाही, सगळे लिहितात आणि मीही फळ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसून माझ्या वहीत लिहिते. वहीचे फक्त उजवे पान वापरायचे असते, डावे पान दुरुस्तीसाठी कोरे सोडायचे असते. त्यानंतर दोन-तीन जण वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांनी 'छान आहे' किंवा 'चुकले' असे म्हणायचे नसते. त्यांना फक्त प्रश्न विचारायचे असतात. 'तो कुत्रा कोणत्या रंगाचा होता?', 'मग तुझे वडील काही बोलले का?', 'तू त्या वेळी कुठे उभी होतीस?' अशा प्रश्नांची उत्तरे लिहिणारा डाव्या पानावर टिपून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तोच मजकूर पुन्हा लिहितो.

हे पुन्हा लिहिणे मुलांना सुरुवातीला शिक्षा वाटते, कारण शाळेत एखादी गोष्ट पुन्हा लिहायला लावतात ती चूक झाल्यावर, दहा वेळा. ही समजूत जायला माझ्या वर्गात साधारण दिवाळीपर्यंतचा काळ जातो. ती जावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या वहीतील काटछाट मुलांना दाखवते. मॅडमनीही चार ओळी खोडल्या आहेत, हे पाहून त्यांना फार नवल वाटते.

शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या की सोडून द्यायच्या?

नव्या शिक्षकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मी स्वतः अनेक वर्षे चुकीचे देत होते. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मी प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक उकार लाल शाईने दुरुस्त करीत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. परिणाम असा झाला की मुले लहान वाक्ये लिहू लागली, ज्या शब्दाची वेलांटी माहीत नाही तो शब्दच टाळू लागली आणि एका हुशार मुलीची दोन पानांची वही वर्षअखेर अर्ध्या पानावर आली. मी विचारल्यावर ती म्हणाली, "कमी लिहिलं की कमी लाल होतं." त्यानंतर मी पद्धत बदलली.

आता पहिल्या वाचनात मी चुकांना हात लावत नाही. समासात पेन्सिलीने मजकुराविषयी प्रश्न लिहिते. 'कशावरून?', 'मला हे दिसले नाही', 'पुढे काय झाले?' हे माझे नेहमीचे शेरे आहेत. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी प्रत्येक मुलाच्या जास्तीत जास्त तीन प्रकारच्या चुका निवडते आणि त्यांवर महिनाभर काम करते. एका मुलाला 'आणि' हा शब्द 'आणी' असा लिहिण्याची सवय असेल तर महिनाभर तेवढेच पाहायचे. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो हे जोड्यांतून दाखवले की मुलांना त्यात गोडी वाटते. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, अशा जोड्या त्या वयात लगेच लक्षात राहतात.

आमच्या भागातली मुले 'पाणी' ऐवजी 'पानी' आणि 'लोणी' ऐवजी 'लोनी' लिहितात, याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. ती जे ऐकतात तेच लिहितात आणि त्यांचा कान अगदी प्रामाणिक आहे. प्रमाण लेखनात 'ण' कुठे येतो, हे त्यांना वेगळे शिकवावे लागते आणि ते शिकवताना त्यांच्या घरी बोलतात ते अशुद्ध आहे, असा शब्द शिक्षकाच्या तोंडून निघता कामा नये.

नियमांकडे भक्तिभावाने पाहण्याऐवजी त्यांचा इतिहास सांगावा, असेही मला वाटते. आज आपण पाळतो ते लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केलेले आहेत. त्यांतील चौदा १९६२मध्ये स्वीकारले गेले आणि १९७२मध्ये आणखी चार जोडले गेले. एकदा एका मुलाच्या वहीत त्याच्या आजोबांनी 'नाही'वर अनुस्वार देऊन ते 'नाहीं' केले होते आणि मी तो अनुस्वार काढला, तेव्हा बरोबर कोण, असा त्याला प्रश्न पडला. आजोबांची शाळा १९६२च्या आधीची असल्यामुळे तेही बरोबरच होते, हे समजल्यावर त्या मुलाने घरी जाऊन आजोबांना अक्षरांविषयी पुष्कळ विचारले आणि पुढच्या आठवड्यात त्यावर दीड पान लिहून आणले.

मुले बोलीभाषेत लिहितात. त्यांना थांबवावे का?

थांबवू नये, कुठे काय चालते हे दाखवावे. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना प्रमाणभाषा लागते आणि ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय त्यांची पुढे अडवणूक होते. पण गोष्टीतला मुकादम, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळीचा प्रमुख, 'आपण उद्या निघणार आहोत' असे म्हणू लागला तर तो मुकादम राहत नाही. 'कामून बसलाव रं, गाडी भरायलेत ना,' असेच तो म्हणणार. पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी, ही मुभा लेखनाच्या नियमांनीही दिलेली आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरातल्यांनी उतरवून ठेवली, त्यांच्या निधनानंतर १९५२मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि खानदेशातली ती बोली महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ही हकिकत मी आठवीच्या पहिल्याच महिन्यात सांगते. कोणी तरी ती उतरवून ठेवली, या भागावर मी जरा जास्त वेळ थांबते आणि मुलांना घरी जाऊन आजीची एक ओवी किंवा एक म्हण जशीच्या तशी लिहून आणायला सांगते.

ऊसतोडीला जाणारी मुले वर्षाच्या मध्येच वर्ग सोडतात. त्यांच्या लेखनाचे काय होते?

आमच्या वर्गाची पटसंख्या दसरा-दिवाळीनंतर घटते आणि चैत्राच्या आसपास पुन्हा वाढते. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता (मजुरीचे एक एकक) धरला जातो आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की बिऱ्हाडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असते आणि तिचा उपयोगही होतो. तरी धाकट्या भावंडांना सांभाळायला किंवा वाढे (उसाच्या शेंड्याकडचा हिरवा भाग) बांधायला म्हणून थोरल्या मुली सोबत नेल्या जातात. गणिताचे जे नुकसान होते त्यावर निदान चर्चा होते. लेखनाच्या नुकसानाची दखल फारशी कोणी घेत नाही.

काही वर्षांपूर्वी मी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेचा पत्ता लिहिलेली दहा पोस्टकार्डे द्यायला सुरुवात केली. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. महिन्यातून दोन कार्डे लिहायची आणि त्यात 'तुम्ही कसे आहात, मी मजेत आहे' असे लिहायचे नाही, एवढेच ठरले. सगळी कार्डे येत नाहीत. कोपीपासून, म्हणजे मजुरांच्या झोपडीपासून, टपालपेटी लांब असते, कधी कार्डे भिजतात आणि एकदा एका मुलाच्या कार्डांवर वडिलांनी वजनाचा हिशेब मांडला होता, त्यातलेच एक त्याने पाठवले. पण जी येतात ती मी वर्गात मोठ्याने वाचते. पहाटे तीनला फडात जाताना पाचटावर पडलेले दव पायाला कसे लागते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढताना आई कशी एकदाही खाली पाहत नाही, कारखान्याच्या गव्हाणीत गाडी खाली व्हायला किती तास थांबावे लागते, हे सगळे माझ्या वर्गाला त्या कार्डांतून कळलेले आहे. कार्डावर जागा थोडी असल्यामुळे मुले पाल्हाळ लावत नाहीत. माझ्या बावीस वर्षांतील उत्तम विद्यार्थी-लेखन निवडायचे झाले तर त्यात निम्मी पोस्टकार्डेच असतील. आता मोबाइलवर संदेश येतात आणि त्यांचेही मी स्वागत करते. पण कार्डाची पद्धत मी सोडलेली नाही, कारण कार्ड वर्गाच्या भिंतीवर लावता येते आणि परत आलेले मूल आधी त्या भिंतीकडे जाते.

वर्गात साठ मुले आहेत. एवढ्या वह्या तपासायच्या कशा?

प्रत्येक वहीला पाच मिनिटे दिली तरी साठ वह्यांना पाच तास लागतात आणि तीन वर्ग असतील तर पंधरा. दर आठवड्याला हे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, म्हणून ते करत असल्याचा देखावा करू नये. न वाचता केलेली सही मुलांना लगेच ओळखता येते. मी दर आठवड्याला वर्गाच्या एक चतुर्थांश वह्या घेते आणि त्या खरोखर वाचते. उरलेल्यांचे लेखन त्या आठवड्यात जोडीदार वाचतो आणि त्याखाली स्वतःचे नाव घालून एक प्रश्न लिहितो. महिन्यातून एकदा शिक्षकाने मनापासून वाचलेले लेखन मुलाच्या अधिक उपयोगाला येते, असा माझा अनुभव आहे.

मुलाने घरातील दुःखाची किंवा धोक्याची गोष्ट वहीत लिहिली तर शिक्षकाने काय करावे?

खरे लिहा, असे सांगितले की मुले खरे लिहितात, म्हणून या प्रश्नाची तयारी शिक्षकाने आधीच करायला हवी. मी ती केली नव्हती. एकदा एका मुलाने वडिलांच्या दारूविषयी फार ताकदीने लिहिले होते आणि मी त्याला न विचारता ते वर्गात वाचून दाखवले. माझा हेतू कौतुकाचा होता. पण तो मुलगा त्यानंतर आठ दिवस शाळेत आला नाही आणि वर्षभर त्याने मला 'माझा आवडता खेळाडू' याच्यापलीकडे काही लिहून दिले नाही. तेव्हापासून माझ्या वर्गात पानाच्या वरच्या कोपऱ्यात मूल 'वाचा' किंवा 'वाचू नका' असे लिहिते आणि तो शब्द मी मोडत नाही.

एका बाबतीत मात्र गुप्तता पाळता येत नाही आणि हे मी मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. नववीतल्या एका मुलीने 'दिवाळीची सुट्टी' या विषयावर लिहिताना मध्येच एक ओळ लिहिली होती की पाहुणे बघून गेले आणि आता साडी कोणत्या रंगाची घ्यायची यावर घरात बोलणे चालले आहे. बाकीचा निबंध फराळाविषयी होता. ती ओळ तिने चुकून लिहिलेली नव्हती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे, गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ही माहिती भाषेच्या शिक्षकालाही तोंडपाठ असली पाहिजे. आम्ही आधी तिच्याशी बोललो, नंतर घरच्यांशी आणि मग ग्रामसेवकांशी. ते लग्न त्या वर्षी झाले नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे लेखनातून कळले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारकच आहे. तिथे विचार करत बसायला जागा नाही.

अशा वहीत शुद्धलेखन तपासू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण तसे झालेले मी पाहिले आहे.

मुले आता मोबाइलवरून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून आणतात. ते कसे ओळखायचे?

ज्या शिक्षकाने मुलाची वही जूनपासून वाचलेली आहे, त्याला ते ओळखायला वेगळे साधन लागत नाही. मजकूर गुळगुळीत असतो आणि त्यात गाव नसते, माणसाचे नाव नसते, वासही नसतो. खरे तर तयार निबंधांच्या पुस्तकाचाच हा पुढचा अवतार आहे आणि माझे उत्तरही तेच आहे. मी चौकशी करत नाही. त्या निबंधावर वर्गाला प्रश्न विचारू देते. 'ती नदी कोणती?', 'त्या वेळी तुझ्या सोबत कोण होते?' अशा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मूल स्वतःच थांबते आणि बहुतेक वेळा "मॅडम, मी दुसरं लिहून आणतो," असे म्हणते. लेखन वर्गात, हाताने आणि दोन खर्ड्यांत होत असेल तर हा प्रश्न पुष्कळसा सौम्य होतो. शब्दाचा अर्थ शोधायला किंवा माहिती तपासायला मुलांनी मोबाइल वापरण्यास माझी हरकत नाही.

शाळकरी मुलांच्या लेखनाला एवढे महत्त्व द्यावे का? ते शेवटी सरावाचेच लेखन असते ना?

१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती आणि तिचे वय अवघे चौदाच्या आसपास होते. मांग आणि महार समाजांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि त्यात बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांच्या हालांचाही उल्लेख केला. तिला लिहायला बसण्याआधी किती वर्षे शिकता आले असेल, याचा विचार करा. तीनएक वर्षांहून ती फार नसावीत. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर मराठीतील दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ सांगताना तो शाळकरी निबंध पुढे ठेवला जातो.

मी हा निबंध दहावीच्या वर्गाला दरवर्षी पूर्ण वाचून दाखवते. वाचून झाल्यावर वर्ग काही वेळ शांत असतो आणि मग कोणी तरी हमखास विचारते की तिला हे लिहायला कोणी सांगितले असेल. मला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पण एवढे सांगता येते की तिचे लेखन वाचायला उत्सुक असलेले शिक्षक तिला लाभले होते.

मुलांनी लिहिलेले कुठे छापून येऊ शकते?

बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंकही बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. जिल्ह्याच्या वृत्तपत्रांच्या बालपुरवण्या आहेत. पण पहिले प्रकाशन शाळेच्या भिंतीवर व्हावे, असे मला वाटते. हस्तलिखित अंक काढायला खर्च येत नाही, चित्रे काढणाऱ्या मुलांना काम मिळते आणि पालकसभेच्या दिवशी ज्या आईला वाचता येत नाही तिलाही आपल्या मुलाचे नाव कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवता येते.

मराठीच्या शिक्षकाने स्वतः लिहिलेच पाहिजे का?

होय. छापून आले नाही तरी चालेल. पण कोऱ्या पानासमोर बसण्याची अडचण ज्याला आठवत नाही, तो मुलांना "एवढं सोपं कसं येत नाही," असे सहज म्हणून जातो.

वर्ष संपल्यावर वह्यांचे काय करता?

दहावीच्या निरोप समारंभाच्या आधी मी त्या मुलांना परत देते. त्यांतील काही वह्या घरी जपल्या जातात, काहींच्या पानांत चुरमुरे बांधले जातात आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. सध्या माझ्या कपाटात एकच वही शिल्लक आहे. ती ज्या मुलीची आहे, ती दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेली आणि पुन्हा शाळेत आली नाही. तिची तीन पोस्टकार्डे आली होती, तीही मी त्याच वहीत ठेवली आहेत. शेवटच्या उजव्या पानावर तिच्या आईच्या घट्ट्यांविषयी पाच वाक्ये आहेत आणि डाव्या पानावर वर्गातल्या मुलांनी विचारलेले चार प्रश्न तिने टिपून घेतलेले आहेत. त्यांची उत्तरे लिहायची राहिली आहेत. तिच्या वाडीवरचे कोणी भेटले की वही माझ्याकडे आहे, एवढा निरोप मी देत असते.